डाव्या कानामागचा झुपका

ड्रायव्हरसाहेबांच्या दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली आणि घरात शांतता म्हणून उरली नाही.

"अगं, हा पडदा हिरवा आहे?" ही पहिली आरोळी.

"आणला तेव्हापासून हिरवाच आहे," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणते, म्हणून आपणही वहिनीच म्हणू.

"मी राखाडी समजत होतो. आणि पंख्यावर केवढी धूळ! घरात माणसं राहतात की नाही?"

"राहतात. त्यातल्या एकाला शिडीवर चढू नका म्हणून सांगितलंय, आणि दुसरीचे गुडघे वर जात नाहीत. तुम्हाला दिसत नव्हती तोवर धूळ सुखात होती बिचारी."

मोतीबिंदू काढल्यावर माणसाचं असंच होतं म्हणतात. जग धुऊन वाळत घातल्यासारखं लख्ख दिसायला लागतं आणि मग घरच्यांची काही धडगत नसते. ड्रायव्हरसाहेबांनी त्या दिवसात भिंतीवरची चीर शोधली, चहाच्या कपाचा उडालेला टवका शोधला, आणि शेवटी स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहिले. हाताच्या पाठीवर तपकिरी ठिपके होते.

"हे डाग कसले?"

"वयाचे."

"कधी आले?"

"तुम्ही बघत नव्हतात तेव्हा."

मग त्यांनी वहिनींकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. इतकी वर्षं ते जो चेहरा समोर आहे असं समजून बोलत होते, तो बराचसा आठवणीतलाच होता. खऱ्या चेहऱ्यावर सुरकुत्यांचं बारीक जाळं होतं, डोळ्यांखाली सावल्या होत्या, भुवया विरळ झाल्या होत्या. त्यांना वाटलं होतं आपल्याला वाईट वाटेल. पण तसं काही झालं नाही. उलट हा चेहरा त्यांना जास्त आपला वाटला.

"असं काय बघताय?"

"काही नाही. तुझ्या हनुवटीवर तीळ आहे."

"लग्नातही होता," वहिनी म्हणाल्या, पण उरलेला दिवस गुणगुणत होत्या.

साहेब म्हणजे काही मोठे साहेब नव्हेत हं. जन्मभर बस चालवली. हजारो माणसं या गावातून त्या गावात सुखरूप पोचवली, कधी कुणाला खरचटलं नाही, म्हणून लोकांनी मागे साहेब लावलं ते कायमचं चिकटलं. निवृत्तीनंतर मुलाची जुनी छोटी गाडी त्यांच्याकडे होती. एकदा मागे घेताना फाटकाच्या खांबाला घासली. दुसऱ्या दिवशी दाराजवळच्या खुंटीवर किल्ली नव्हती. तेव्हा मुलगा-सून इथेच राहायचे. मुलगा काही बोलला नाही, सून काही बोलली नाही. किल्ली भिंतीवरच्या घड्याळामागे ठेवलीय हे त्यांना तासाभरात कळलं, कारण घड्याळ वाकडं झालं होतं. त्यांनी काढली मात्र नाही. पण पुढे कितीतरी दिवस बाहेर निघताना त्यांचा हात आपोआप त्या रिकाम्या खुंटीकडे जायचा, आणि मग डोकं खाजवल्याचं नाटक करून खाली यायचा. गाडी गेली याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. कुणी तोंडावर काही बोललं नाही, हे मात्र मनाला लागून राहिलं होतं.

तर आता नवे डोळे आले, आणि नव्या डोळ्यांनी पहिलं ठरवलेलं काम म्हणजे केस कापणं. ऑपरेशनच्या भानगडीत केस मानेवर आले होते.

केस कापायचं म्हणजे उस्तादकडे. दुसरीकडे जायचा प्रश्नच नव्हता. उस्ताद हे त्याचं गल्लीतलं नाव. एक खुर्ची, एक मोठा आरसा, एक लाकडी बाक आणि कोपऱ्यात सतत खरखरणारा रेडिओ, एवढाच दुकानाचा पसारा. ड्रायव्हरसाहेबांचे केस काळे होते तेव्हापासून उस्तादच कापत आला होता. पांढरे झाले तेही त्याच्याच कात्रीसमोर. उस्तादची बायको गेल्यापासून दुकान हेच त्याचं घर, आणि दुकानावरची खोली हे नुसतं झोपायचं ठिकाण.

त्याला एक मुलगी. शेजारच्या रस्त्यावर तिचं बायकांचं पार्लर होतं आणि ते जोरात चालायचं. पोरगी वडिलांच्या वळणावर गेलेली, म्हणजे हाताची हुशार आणि जिभेची तिखट. गेल्या वर्षी उस्ताद दुकानाच्या पायरीवरून घसरला तेव्हा तिने बजावलं होतं, "बाबा, तुमचं वय झालं. दुकान चालवा, मी नाही म्हणत नाही. पण एका जरी गिऱ्हाइकाची तक्रार माझ्या कानावर आली ना, तर दुकानाची किल्ली माझ्याकडे."

उस्तादने ही गोष्ट बाकावरच्या सगळ्यांना हसत हसत सांगितली होती, आणि सगळे पोट धरधरून हसले होते. उस्तादची तक्रार? काहीतरीच!

आता त्या दुकानाचा एक रिवाज होता. खुर्चीत बसलं की चष्मा काढून आरशाखालच्या फळीवर ठेवायचा. उस्तादची गिऱ्हाइकं सगळी त्याच्याच वयाची. चष्मा निघाला की समोरच्या आरशात फक्त धुकं. काम झालं की उस्ताद मागे छोटा आरसा धरून विचारायचा, "कसं काय?" आणि धुक्यातून उत्तर यायचं, "वा!" गिऱ्हाइकाला दिसत नाही, उस्तादला दिसत नाही. आरसा बिचारा एकटा काय करणार?

ड्रायव्हरसाहेब खुर्चीत बसले. सवयीने हात नाकावर गेला, पण चष्मा नव्हताच. उस्तादने गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं आणि कात्री उचलली.

ड्रायव्हरसाहेबांना कितीतरी वर्षांनी स्वतःचे केस कापले जाताना दिसत होते. आणि जे दिसत होतं ते बघून त्यांची पाचावर धारण बसली. उस्तादचं नाक त्यांच्या कानाला लागायचं तेवढं बाकी होतं. डोळे बारीक करून तो केस शोधत होता आणि बोटांनी चाचपडून कापत होता. उजवीकडे जरा ठीक चाललं होतं, कारण खिडकी त्या बाजूला होती. डावीकडे मात्र सगळा अंदाजपंचे कारभार. मग फेस आला, ब्रश आला, आणि फेसामागून उस्तरा आला. उस्तऱ्याचं पातं हवेत थरथरत होतं. ड्रायव्हरसाहेबांनी डॉक्टरांना इतके पैसे देऊन घेतलेले डोळे गच्च मिटून घेतले.

"झालं!" उस्ताद म्हणाला. छोटा आरसा मागे आला. "कसं काय?"

डाव्या कानामागे बोटभर लांबीचा एक झुपका शाबूत उभा होता. बाकी सगळं पीक कापून नेलं आणि शेतमालक कोपरा विसरला, असा.

"झक्कास!" ड्रायव्हरसाहेब म्हणाले. मेहुणीच्या गाण्याचं कौतुक सोडलं तर एवढं मोठं खोटं ते कधी बोलले नव्हते.

उस्तादने खूश होऊन त्यांच्या खांद्यावर टॉवेल झटकला. "नवे डोळे म्हटल्यावर जरा धाकधूक होती रे," तो म्हणाला आणि घाईघाईने झाडू घ्यायला वळला.

घरी येताना ड्रायव्हरसाहेबांनी टोपी कानापर्यंत ओढली होती. दारात वहिनी टॉवेल घेऊन उभ्याच. खिडकीजवळ स्टूल मांडलेलं. "बसा इथे. कानामागे काहीतरी अडकलंय."

हे काही नवीन नव्हतं. केस कापून आलं की वहिनींना कानामागे काहीतरी अडकलेलं दिसायचंच. मग त्या स्टुलावर बसवायच्या, डोकं हातात धरून इकडे वळवायच्या, तिकडे वळवायच्या, मानेवरचे बारीक केस फुंकायच्या. ड्रायव्हरसाहेबांना ते आवडायचं. एरवी म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याला कोण हात लावतं? डॉक्टर लावतो, तोही मोजे घालून.

पण आज खिडकीच्या काचेत त्यांना वहिनींच्या हातातली शिवणकामाची छोटी कात्री दिसली.

"अगं, हे काय?"

वहिनींचा हात थांबला. "दिसलं वाटतं."

"कधीपासून चाललंय हे?"

"दोनेक वर्षं झाली असतील," वहिनी म्हणाल्या आणि झुपका कचकन कापून मोकळ्या झाल्या. "गल्लीतल्या घराघरांत हेच चाललंय. कुठे बायको करते, कुठे सून. आम्ही सगळ्या अळीमिळी गुपचिळी करून बसलोय. म्हातारा माणूस, एकटा. दुकान गेलं तर तो जगायचा कशावर? पैशाचं म्हणत नाही मी."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमच्या पोटात राहिलं असतं?"

"माझ्या पोटात? अगं, मी बस चालवायचो तेव्हा पाठीमागे बसलेल्या लोकांची काय काय गुपितं ऐकलीत! एक शब्द बाहेर नाही काढला."

"बरं," वहिनी म्हणाल्या. हे 'बरं' कसलं ते नवरेमंडळींना सांगायला नको.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे ड्रायव्हरसाहेबांना कळत नव्हतं असं नाही. रात्री त्यांनी स्वतःला तसं बजावलंही. पण सकाळी ते बेकरीत पाव आणायला गेले, आणि रांगेत त्यांच्या पुढे हेडमास्तर उभे होते.

हेडमास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले विधुर गृहस्थ. मुलं परदेशी. घरी ना बायको, ना सून. म्हणजे स्टूल मांडून कात्री चालवायला कुणीच नाही. आणि त्यांच्या डाव्या कानामागे, इस्त्रीच्या कॉलरच्या वर, गेल्या दोन वर्षांचं उस्तादचं सगळं कर्तृत्व डौलाने डोलत होतं.

ड्रायव्हरसाहेबांना आधी हसू फुटलं. मग ते हसू ओसरलं. एवढा शिस्तीचा माणूस, सबंध गावातून असा हिंडतोय आणि त्याला सांगणारं कुणी नाही. हे काही बरोबर नाही. त्यांनी पुढे वाकून हेडमास्तरांच्या कानाशी कुजबुज केली.

आता इथे दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, हेडमास्तरांचं कानाचं मशीन बॅटरी वाचावी म्हणून नेहमी खिशात असायचं. दोन, जन्मभर इंजिनाशेजारी बसल्यामुळे ड्रायव्हरसाहेबांचे कानही अर्धे गेलेले होते, आणि ज्याला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही त्याची कुजबुज म्हणजे स्टँडवरची घोषणाच असते.

"काय?" हेडमास्तर म्हणाले.

"हळू बोला, हळू!" ड्रायव्हरसाहेब आणखी कुजबुजले. "उस्तादला दिसत नाही म्हटलं! सगळ्यांचे केस वाकडे कापतो! बायका घरी नीट करतात! त्याच्या मुलीला कळू देऊ नका!"

बेकरीतला चिमटा हवेत थांबला. रांगेतल्या माना वळल्या. ड्रायव्हरसाहेबांनी सावकाश मागे वळून पाहिलं. त्यांच्या बरोबर मागे, हातात पिशवी घेऊन, उस्तादची मुलगी उभी होती.

उचलली जीभ लावली टाळ्याला! दुसरं काय?

"काका," ती म्हणाली, "खरं आहे हे?"

जुने डोळे असते तर बरं झालं असतं. नव्या डोळ्यांना तिच्या पापण्या ओल्या झालेल्या स्पष्ट दिसल्या.

"तसं नाही गं पोरी, म्हणजे..."

"मला संशय होताच. विचारलं तर सगळे म्हणायचे, झक्कास. तुम्ही सगळे त्यांना सांभाळताय ते कळतंय मला. पण काका, त्यांच्या हातात उस्तरा असतो. उद्या कुणाच्या गळ्याला लागलं तर? तो माणूस तर जाईलच, पण बाबा त्याच्या आधी मरतील." तिने नाक पुसलं. "रविवारी येते मी किल्ली घ्यायला. तोवर मी काही बोलत नाही."

पाव न घेताच ती गेली. हेडमास्तरांनी खिशातून मशीन काढून कानात घातलं आणि विचारलं, "काय म्हणत होता तुम्ही?"

घरी आल्यावर वहिनींनी फक्त एवढंच विचारलं, "पोटात राहिलं?" ड्रायव्हरसाहेबांनी मान खाली घातली. त्यांना राहून राहून ती रिकामी खुंटी आठवत होती. ज्याने आपली किल्ली गेल्याचं दुःख इतकी वर्षं गिळलं, त्यानेच मित्राची किल्ली घालवली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो हाच.

दुपारी दुकानात कुणी नसतं. त्या वेळी ते उस्तादकडे गेले. उस्ताद जमिनीवरचे केस झाडत होता. ड्रायव्हरसाहेब बाकावर बसले आणि एका दमात सगळं ओकून मोकळे झाले. झुपका, वहिनींची कात्री, बेकरी, मुलगी, रविवार, सगळं.

उस्तादने झाडू भिंतीला टेकवला. रेडिओ बंद केला. ड्रायव्हरसाहेबांना वाटलं आता हा आपल्याला दुकानातून हाकलून देणार.

"मला माहीत आहे," उस्ताद म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"झुपका. अरे, तुम्ही महिन्याने परत येता तेव्हा तो नसतो. मग तो काय पिकल्या पानासारखा आपोआप गळून पडतो? हाताला कळतं मला, तिथे कुणीतरी दुसऱ्या कात्रीने कापलंय. शिवणाची कात्री आहे तुझ्या घरी, बोथट आहे, धार लावून आण. हेडमास्तराचा तेवढा तसाच असतो. तो मी पुढच्या वेळी कापायला जातो आणि पुन्हा चुकतो."

ड्रायव्हरसाहेब आ वासून बघत राहिले. म्हणजे बायकांना माहीत, उस्तादला माहीत, आणि मधल्या मधे बावळट फक्त गिऱ्हाइकं.

"मग डोळे का दाखवत नाहीस? माझं बघ. एक दिवसाचं काम. दुखत नाही, खुपत नाही. तुलाही दिसेल."

"तेच नको आहे."

"म्हणजे?"

उस्तादने उजवा हात पुढे केला, खिडकीच्या उजेडात धरला. बोटं थरथरत होती. थोडीशीच, पण थांबत नव्हती.

"आज केस वाकडे कापले जातात, तर मी म्हणतो डोळे गेलेत. डोळे काय, सगळ्यांचेच जातात. ऑपरेशन केलं की येतात. पण ऑपरेशन केलं, सगळं दिसायला लागलं, आणि तरीही केस वाकडेच कापले गेले तर?" त्याने हात खाली घेतला. "मग दोष हाताचा निघेल रे. डोळ्याचं ऑपरेशन असतं. हाताचं नसतं."

ड्रायव्हरसाहेबांनी बाकावर सरकून त्याला जागा करून दिली. मग त्यांनी आजवर कुणालाच न सांगितलेली गोष्ट सांगितली, खुंटीची आणि घड्याळामागच्या किल्लीची.

"मुलगा वाईट नाही माझा," ते म्हणाले. "पण त्याने विचारलं असतं ना, की बाबा, जमतंय का, तर मीच किल्ली काढून त्याच्या हातात ठेवली असती. गाडी घासली तेव्हा माझा पाय ब्रेकवर वेळेत पडला नव्हता. मला ठाऊक होतं. पण मला म्हणायची संधीच मिळाली नाही. तुझी पोरगी रविवारी येतेय, म्हणजे तुला संधी आहे. किल्ली द्यायची तर तू दे, ठेवायची तर तू ठेव. पण बघून ठरव की! आंधळेपणाने काय ठरवतोस?"

"आणि हातच निघाला तर?"

"तर मी आहे ना. माझ्या डोक्याला काय सोनं लागलंय? कर प्रयोग."

रविवारी मुलगी आली तेव्हा उस्तादने दुकानाला स्वतःच कुलूप घातलं होतं. किल्ली खिशात ठेवून तो म्हणाला, "आधी डोळे करू. मग एकदा तुझ्यासमोर केस कापतो. काय ते तेव्हा ठरेल. तोपर्यंत दुकान बंद." मुलीने भांडायची तयारी करून आणलेली सगळी वाक्यं तशीच गिळली आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतली.

दवाखान्यात ड्रायव्हरसाहेब सोबतीला गेले. बाहेर बसलेल्या प्रत्येक पेशंटला त्यांनी फुकटचा सल्ला दिला, शेवटी नर्सने त्यांना चहा आणायला पाठवलं. एक डोळा झाला, मग दुसरा. थेंब घालायचे दिवस सरले आणि एका सकाळी दुकानाचं दार पुन्हा उघडलं.

बाकावर मुलगी बसली, शेजारी वहिनी, आणि कडेला हेडमास्तर, कानात मशीन घालून. ड्रायव्हरसाहेब खुर्चीत बसले. उस्ताद समोर आला आणि तसाच उभा राहिला. त्याने ड्रायव्हरसाहेबांचं तोंड निरखून पाहिलं.

"अरे, तू एवढा म्हातारा कधी झालास?"

"तुझ्यासमोरच तर झालो."

मग उस्तादने आरशात स्वतःला पाहिलं, पटकन नजर वळवली आणि कात्री घेतली.

फक्त कात्रीची कचकच. उजवी बाजू झाली. डावी बाजू सुरू झाली. ड्रायव्हरसाहेब आरशात बघत होते, आणि कात्री कानामागे पोचली तेव्हा त्यांना दिसलं की ती थरथरतेय. उस्तादलाही दिसलं. कात्री घसरली आणि केसात एक छोटा खड्डा पडला.

उस्ताद थांबला. त्याने हात डोळ्यांसमोर धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा भेटल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं. "हातच आहे," तो म्हणाला. बाकावर मुलीने खाली बघितलं.

ड्रायव्हरसाहेबांनी आरशात तो खड्डा नीट बघून घेतला. आणि ते तोंडातल्या तोंडात म्हणाले, "मग? खड्डा तुला दिसला ना? रस्त्यात खड्डा दिसला की आम्ही गाडी थांबवत नाही, हळू करतो."

उस्तादने श्वास सोडला. मग त्याने मनगट ड्रायव्हरसाहेबांच्या डोक्यावर टेकवलं, भिंतीला शिडी टेकवावी तसं. टेकवल्यावर थरथर बरीच कमी झाली. तो हळूहळू कापायला लागला. डावीकडचा खड्डा भरून निघावा म्हणून आजूबाजूचे केस कमी केले. मग उजवी बाजू मोठी वाटायला लागली. तिकडचे कापले. मग पुन्हा डावीकडे. मागे सरून बघायचा, मान हलवायचा, पुन्हा मनगट टेकवायचा. पूर्वी दिसत नव्हतं म्हणून जे सोडून द्यायचा, ते सगळं आता दिसत होतं आणि तो काही सोडायला तयार नव्हता. दोन्ही बाजू सारख्या होता होता ड्रायव्हरसाहेबांच्या डोक्यावर तीळ तीळ केस उरले. पण उरले ते अगदी एकसारखे. कुठे टोक नाही, कुठे झुपका नाही.

"दाढी?" ड्रायव्हरसाहेबांनी धीर करून विचारलं.

उस्तादने उस्तरा उघडला. पात्यावर उजेड पडला आणि तो उजेड समोरच्या भिंतीवर नाचायला लागला. उस्ताद त्या नाचणाऱ्या ठिपक्याकडे बघत राहिला. मनगट गालावर टेकवता येतं, गळ्यावर नाही येत. त्याने उस्तरा मिटला, फडक्याने पुसला आणि मुलीच्या हातात नेऊन दिला.

"हा तू ठेव. माझ्या वडिलांचा आहे, धार जाऊ देऊ नकोस. आजपासून या दुकानात दाढी बंद." मग खिशातून किल्ली काढून त्याने फळीवर ठेवली, जिथे पूर्वी सगळ्यांचे चष्मे असायचे. "कात्रीचं तू सांग. मला वाटतं, मला जमेल. सावकाश जमेल. पण तू सांग."

मुलगी उठली. खुर्चीमागे येऊन तिने ड्रायव्हरसाहेबांच्या डाव्या कानामागून बोट फिरवलं, मग उजव्या. धंद्यातली पोर ती, लाड करणाऱ्यातली नव्हे. पुन्हा एकदा फिरवलं.

"काका, काही तक्रार?"

"आहे तर! एवढे बारीक करायला कुणी सांगितलं होतं?"

"काय म्हणालात? मला हल्ली हेडमास्तरांसारखं कमी ऐकू येतं," ती म्हणाली, आणि किल्ली उचलून वडिलांच्या खिशात टाकली. मग दोन्ही हातांनी त्यांचा तो थरथरणारा हात धरला आणि रडली. उस्तादही रडला. डॉक्टरांनी डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नका म्हणून सांगितलं होतं, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

"पुढचा नंबर माझा!" हेडमास्तर ओरडले आणि झुपक्यासकट खुर्चीत जाऊन बसले.

घरी आल्यावर वहिनींनी सवयीने खिडकीजवळ स्टूल मांडलं. टॉवेल घेतला, कात्री घेतली. ड्रायव्हरसाहेबांचं डोकं हातात धरून डावीकडे वळवलं, कानामागे बघितलं. उजवीकडे वळवलं.

"काहीच नाही की हो," त्या म्हणाल्या.

त्यांना आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असेल. पण त्या तशाच उभ्या राहिल्या, एका हातात कात्री, दुसरा हात कानामागे. एवढी दोन वर्षं महिन्यातून एकदा हे डोकं असं हातात यायचं. आता कशाला येईल? खिडकीची काच समोरच होती, आणि ड्रायव्हरसाहेबांना आता सगळं दिसत होतं.

"नीट बघ," ते म्हणाले. "अडकलंय काहीतरी."

"नाही हो, स्वच्छ आहे."

"तुझेही डोळे दाखवायला हवेत एकदा. अगं, आहे म्हणतोय ना मी! नीट शोध."

वहिनींनी कात्री खिडकीत ठेवून दिली, आणि दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरून बराच वेळ शोधत राहिल्या.